बिनसबबीचा समुद्र

युरोपच्या सहलीवरून परतलेल्या मराठी गृहस्थाची ओळख पूर्वी त्याच्या ओव्हरकोटावरून आणि चॉकलेटांच्या पुड्यांवरून पटत असे. अलीकडे, यात्रा-कंपन्यांनी सकाळच्या पोह्यांची आणि रात्रीच्या वरणभाताची हमी देऊन नीस, मोनॅको, जेनोआ, अमाल्फी आणि सांतोरिनी हा सारा किनारा मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणून ठेवल्यापासून, या ओळखीत जलरंगांच्या पेटीची भर पडली आहे. आल्प्स पाहून आलेला मनुष्य चित्रे काढू लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही. लंडन पाहून आलेला फार तर चार महिने इंग्रजी उच्चार सुधारून बोलतो. परंतु भूमध्य समुद्र एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला, शाळेत चित्रकलेच्या तासाला त्याने केवळ पेन्सिलींना टोके काढली असली तरीही, घरी परतताच निळ्या रंगाचा ध्यास लागतो, आणि दिवाणखान्यात इतकी वर्षे निमूटपणे लटकत असलेल्या दिनदर्शिकेच्या चित्रात त्याला एकाएकी दोष दिसू लागतात.

आमचे स्नेही रावसाहेब हे या वर्गातले अग्रणी होत. रावसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. जमीन मोजणीच्या खात्यात उभी हयात काढून जिल्हा निरीक्षक या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले, तेव्हा सरकारने टेबल, खुर्ची आणि जीप परत घेतली, ही उपाधी तेवढी परत मागायची राहून गेली. शंकू-साखळी, फलकयंत्र, गटनंबर आणि हद्दीच्या खुणा यांच्या सहवासात केस पांढरे झालेल्या पुरुषाने समुद्राच्या चित्राकडे वळावे यात वरवर पाहता विसंगती वाटेल, कारण ज्याला बांध नाही, ज्याचा सातबारा निघत नाही आणि ज्याच्यावर कोणाला कूळ म्हणून दावा सांगता येत नाही, तो समुद्र मोजणी खात्याच्या दृष्टीने दखलपात्र विषयच नव्हे. परंतु रावसाहेबांचे म्हणणे असे, की जगातले इतर सर्व समुद्र हे पिढीजात अतिक्रमण करणारे असून, आपल्या हद्दीत राहणारा असा सभ्य समुद्र काय तो भूमध्य.

या म्हणण्यात तथ्य आहे. अटलांटिक महासागराची भरती जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपर्यंत मोठ्या तोऱ्याने येते खरी. पण तो दरवाजा अरुंदात अरुंद ठिकाणी अवघा 14 किलोमीटरांचा, आणि आतला समुद्र साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब, त्यामुळे भरतीचा जोर दारातच ओसरतो आणि व्हेनिससारखे काही अपवाद वगळले तर बहुतेक किनाऱ्यांवर पाण्याचा चढउतार वीत-दीड वीतभर होतो न होतो. मुंबईच्या बंदरात उधाणाला हेच अंतर 4 ते 5 मीटरांचे असते. त्यामुळे हर्णैच्या पुळणीवर फळी मांडून बसलेल्या आमच्या चित्रकाराची जी दैना उडते तिची कल्पना नीसच्या चित्रकाराला कधीच यावयाची नाही: इकडे आकाशाला पहिला हात देऊन होतो न होतो, तोच पाणी पावपाव मैल मागे सरते, मघाशी डौलाने डुलणारी होडी चिखलात कुशीवर निजते, आणि चित्राच्या डाव्या अंगाला भरती व उजव्या अंगाला ओहोटी अशी, कोणाही दर्यावर्दी माणसाला घेरी यावी, अवस्था उत्पन्न होते.

आणि नेमका इथेच घोटाळा आहे. हौशी चित्रकलेला रंग, कागद आणि कुंचला यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, निकडीचे असे एक साधन असते, व ते म्हणजे सबब. कोकणात चित्र बिघडले तर ओहोटी आहे, दमट हवा आहे, दुपारपर्यंत न वाळणारा कागद आहे, आणि मागे घोळका करून "काका, ही म्हैस का?" असे होडीकडे बोट दाखवून विचारणारी पोरे आहेत; एवढा मुबलक पुरवठा असल्यावर कोणाच्याही कर्तृत्वाला बाध येत नाही. भूमध्य समुद्र मात्र चित्रकारासमोर पाणी स्थिर ठेवतो, ऊन रोजच्या रोज आणून देतो, डोंगर योग्य जागी उभे करतो, घरांना आधीच रंग देऊन ठेवतो, आणि मग जणू विचारतो, की बोला, आता काय अडचण आहे? थोरामोठ्यांची या प्रश्नाने जी तारांबळ उडाली ती पाहिली, की रावसाहेबांविषयी मनात निव्वळ आदर उरतो.

पॉल सेझानचेच उदाहरण घ्या. 1876 सालच्या उन्हाळ्यात मार्सेयजवळच्या लेस्ताक या गावाहून त्याने आपले ज्येष्ठ स्नेही पिसारो यांना जे पत्र धाडले त्यातला मजकूर, ग्रंथालयातून जाडजूड पुस्तके आणून त्यांचा एखाद्या मुकदम्याच्या कागदपत्रांप्रमाणे अभ्यास करणाऱ्या रावसाहेबांना तोंडपाठ आहे: निळ्या समुद्रावर लाल कौले पत्त्यांतल्या पानासारखी दिसतात, आणि ऑलिव्ह व पाइन या झाडांची पाने झडत नसल्यामुळे एकाच देखाव्यावर तीन-चार महिने काम करण्याची सोय आहे. ही सोय कोणाला सुचावी, तर ज्याने पुढे वोलार या चित्रविक्रेत्याला, खुद्द वोलारच्याच सांगण्यानुसार, एका तसबिरीसाठी शंभरावर बैठकांना खुर्चीत खिळवून ठेवले आणि एवढे होऊनही ते काम अपुरेच टाकले, त्याला. "पिकपाहणी वर्षातून दोनदा करावी लागत नाही, असा मुलूख," असे रावसाहेब या पत्राचे तात्पर्य सांगतात. सेझानला देखील अखेर एक सबब मिळाली, पण तिच्यासाठी त्याला सव्वीस वर्षे थांबावे लागले: 1902 साली आपल्या भाचीला लिहिलेल्या पत्रात त्याने लेस्ताकच्या किनाऱ्याची सुधारणेने वाट लावली, जिकडेतिकडे धक्के बांधले आणि वर गॅसचे, एवढेच नव्हे तर विजेचे दिवे लावले, म्हणून मनसोक्त त्रागा केला आहे. तोवर लेस्ताकची चित्रे काढून झाली होती, ही गोष्ट निराळी.

क्लोद मोने याची तऱ्हा याहून मौजेची. 1883 च्या डिसेंबरात रन्वारबरोबर हा किनारा पाहून आल्यावर त्याने लगोलग, जानेवारी 1884 मध्ये, इटलीच्या हद्दीतील बोर्दिगेरा गाठले, आणि तेही एकट्याने. आपला बेत कोणाला कळू देऊ नये, अशी ताकीद त्याने पॅरिसमधल्या आपल्या चित्रविक्रेत्याला देऊन ठेवली होती. जावयाचे होते तीन आठवड्यांसाठी. राहिला जवळजवळ तीन महिने. या काळात घरी गेलेली त्याची पत्रे म्हणजे तक्रारअर्जांचा बस्ताच आहे. ताडाची झाडे जमत नाहीत. निळा हवा तसा उतरत नाही. हा प्रकाश रंगवायचा तर रंगाच्या तबकडीवर हिरे आणि माणके मांडावी लागतील. आणि खरा रंग लावला तर निळ्या-गुलाबी रंगांचे वैरी कोल्हेकुई करतील. चार वर्षांनी आंतीबला गेल्यावर त्याने सूर्याशी आपली तलवारबाजी चालली असल्याचे कळविले. ज्यांना आमच्या यात्रा-कंपनीने त्याच आंतीबच्या किनाऱ्यावर "फोटोसाठी वीस मिनिटे, प्रसाधनगृह डाव्या हाताला" एवढीच मुदत दिली होती, त्या रावसाहेबांनी तीन महिन्यांच्या या तक्रारी वाचून पुस्तक जे मिटले, ते दोन दिवस उघडले नाही.

आंरी मातिस त्या मानाने नशीबवान म्हणावयाचा. 1917 च्या डिसेंबरात तो नीसला उतरला तेव्हा, सूर्याच्या जोरावर आपली सारी भरभराट करून घेतलेल्या त्या शहरात, महिनाभर पाऊस पडला. पाऊस ही सबब इतकी भरभक्कम, की कंटाळून त्याने गाशा गुंडाळण्याचे ठरविले. तोच मिस्त्राल नावाच्या तिथल्या उत्तरेच्या वाऱ्याने एका रात्रीत ढग हुसकून लावले, सकाळी ऊन पडले, आणि सबबीने दगा दिल्यामुळे नाइलाजाने गृहस्थ उरलेले बहुतेक आयुष्य त्याच भागात राहिला. मात्र त्याच्या हुशारीची तारीफ करावी ती अशी, की नीसमध्ये त्याने समुद्राला पुष्कळदा खिडकीबाहेरच ठेवले: खोली, खुर्ची, आरसा, पडदे, एखादी व्हायोलिनची पेटी, असा सगळा संसार मांडून झाल्यावर झडपांच्या मधल्या फटीतून समुद्राची एक निळी पट्टी तेवढी आत घ्यायची. नवशिक्याने समुद्र किती घ्यावा याचे हे प्रमाण डॉक्टरांनी लिहून द्यावे इतके योग्य आहे. पण नवशिका पट्टीवर कसला समाधान मानतो! त्याला आख्खा उपसागर हवा असतो, आणि तोही पोस्टकार्डाच्या आकारात.

व्हॅन गॉगचा किस्सा सांगताना मात्र रावसाहेबांना, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले असल्यामुळे, विशेष चेव चढतो. 1888 साली आर्लहून हा बिचारा सेंत-मारी या कोळ्यांच्या गावी गेला आणि तिथला समुद्र पाहून त्याने भावाला लिहिले, की या पाण्याचा रंग बांगड्याच्या अंगासारखा आहे. हिरवा म्हणावा की जांभळा, निळा म्हणावा की काय, हे कळत नाही, कारण पुढल्या क्षणी तो गुलाबी नाही तर करडा झालेला असतो. भूमध्य समुद्रावर युरोपियनांनी जेवढे लिहिले त्यात जाणत्या माणसाचे लिहिणे हे एवढेच, असा रावसाहेबांचा निवाडा असून, ताजा बांगडा उन्हात धरून ज्याने कधी पाहिला आहे त्याला तो मान्य व्हावा. वाळूवर ओळीने ओढलेल्या कोळ्यांच्या होड्या त्याला रंगवायच्या होत्या. पण त्या रोज भल्या पहाटे दर्यात जात. अखेर निघण्याच्या दिवशी सकाळी तासाभरात त्याने त्यांचे रेखाटन उरकले आणि रंग आर्लला परत गेल्यावर घरी भरले. किनाऱ्यावर बसून रंगविलेल्या दुसऱ्या एका समुद्रचित्राच्या रंगात आजही वाळूचे कण अडकलेले सापडतात, आणि त्या चित्रात खाली त्याने भल्यामोठ्या लाल अक्षरांत सही ठोकली आहे, का, तर हिरव्यात कुठेतरी लाल हवा होता म्हणून. रावसाहेबांना ही बाब अत्यंत दिलासादायक वाटली. त्यांच्या स्वतःच्या चित्रांत सही नेहमीच तिसऱ्या लाटेपर्यंत जाते. तिला आता शास्त्राधार मिळाला.

रावसाहेबांची स्वतःची पद्धत मात्र पूर्णपणे खात्याची. व्हिलफ्रांशच्या उपसागरावरच्या वळणावर बस थांबली, तेव्हा इतर मंडळी एकमेकांना कडेवर समुद्र घेऊन उभे राहिल्यासारखे फोटोत टिपत असता, हे एकटेच कठड्याला टेकून एका शंभरपानी वहीत टिपण काढीत होते. ते टिपण मी पाहिले आहे. वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण. त्याखाली चतुःसीमा: पूर्वेस काप फेराचे भूशिर. पश्चिमेस किल्ला व होड्यांचा धक्का. उत्तरेस आमची बस. दक्षिणेस समुद्र, तहत आफ्रिका. मधल्या आकृतीत रंग नाही, केवळ लेखी नोंदी: "येथे निळा." जरा खाली, "येथे अधिक निळा." आणि तिथून एक लांबलचक बाण काढून, "येथपासून सदरहू निळा पुढे चालू."

हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की याच पद्धतीने काम करणारा एक पूर्वसूरी या किनाऱ्यावर होऊन गेला आहे. एडवर्ड लिअर हा इंग्रज आपल्याकडे त्याच्या निरर्थक कवितांमुळे माहीत असला तरी त्याचे पोट होते देखावे रंगविण्यावर. 1846 साली त्याने व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिले होते, 1873 साली तो मुंबईच्या धक्क्यावर उतरून पुढे वर्षभराहून अधिक काळ हिंदुस्थान रंगवीत हिंडला, आणि साऱ्या भूमध्य किनाऱ्याच्या त्याने केलेल्या हजारो रेखाटनांवर कोणत्या जागी कोणता रंग यावयाचा याच्या नोंदी त्याने शब्दांत करून ठेवल्या आहेत. म्हातारपणी त्याने इटलीत सान रेमो येथे समुद्राभिमुख घर बांधले, चित्रशाळा थाटली, आणि थोड्याच वर्षांत घर व समुद्र यांच्या मधोमध एक टोलेजंग हॉटेल उभे राहिले. समुद्र तर गेलाच, शिवाय हॉटेलच्या पांढऱ्या भिंतीवरून परतणाऱ्या उन्हाने चित्रशाळेत बसणे अशक्य झाले. तेव्हा त्याने किनाऱ्यालगत दुसरे घर बांधले, आणि तेही खोली-दर-खोली पहिल्यासारखेच, का, तर फॉस नावाच्या त्याच्या मांजराला चुकल्या-चुकल्यासारखे होऊ नये, असे सांगतात. ही हकीकत ऐकून आमच्या बैठकीतल्या भगिनीवर्गाचे लक्ष मांजराकडे गेले, रावसाहेब मात्र खवळून म्हणाले, "वहिवाटीचा प्रकाश अडवला तर मनाई हुकूम मिळतो. मांजरासाठी घर बांधतो आणि दावा लावत नाही, याला काय म्हणावे?"

त्यांचे दैवत त्यामुळे लिअर नव्हे, तर क्लोद-जोझेफ व्हेर्ने. 1753 साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या दरबारातून या चित्रकाराला फर्मान सुटले, की राज्यातील बंदरे जशीच्या तशी रंगवून दाखल करावीत. व्हेर्ने बायकापोरांसह मार्सेय, तूलाँ, आंतीब, सेत असा बंदरामागून बंदर फिरत राहिला आणि 1765 पर्यंत 15 भव्य चित्रे त्याने सरकारजमा केली. बांदोलच्या चित्रात टूना माशांची पारध, तर तूलाँच्या एका चित्रात तोफांचा तळ, अशी जागोजागची हकीकत त्यांत तपशीलवार नमूद आहे. बदलीची नोकरी, ठरलेले काम, वरिष्ठांचा शेरा, आणि विषय समुद्र! रावसाहेबांच्या मते चित्रकलेचा हा सुवर्णकाळ, आणि पुढे जो ऱ्हास झाला तो कलावंत खात्याबाहेर गेल्यामुळे. याच व्हेर्नेविषयी अशी दंतकथा आहे, की वादळाचे नीट अवलोकन करता यावे म्हणून त्याने स्वतःला गलबताच्या डोलकाठीला बांधून घेतले. 1822 साली त्याच्या नातवाने त्या प्रसंगाचे चित्रही काढले. आमच्या सहलीत, काप्रीला जाणाऱ्या बोटीवर, रावसाहेब असेच कठड्याला घट्ट धरून समुद्राचे अवलोकन करीत होते, परंतु त्याचे कारण वेगळे होते आणि वहिनींनी पर्समधून लिंबू काढून दिल्यावर ते दूर झाले.

एवढ्या नियमबद्ध मनुष्याची आणि कोलिऊरची गाठ पडावी, हा दैवाचा विनोद. स्पेनच्या सरहद्दीनजीकच्या या फ्रेंच बंदरात 1905 च्या उन्हाळ्यात मातिस आणि पंचविशीतला आंद्रे देरँ यांनी सबबींचा प्रश्नच कायमचा निकालात काढला: समुद्राचा रंग जमत नाही ना, मग समुद्र केशरी करा, वाळू पिवळी निघत नाही, मग ती तांबडी असू द्या. त्या शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रे लागली तेव्हा एका समीक्षकाने या मंडळींना वन्य पशूंची उपमा दिली आणि ती त्यांनी पदवीसारखी मिरवली. आज त्या गावात दोघांनी ज्या ज्या जागी बसून चित्रे काढली तिथे तिथे त्यांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत, आणि काही ठिकाणी किनाऱ्याकडे तोंड करून नुसत्या रिकाम्या लोखंडी चौकटी रोवल्या आहेत, म्हणजे त्यांतून डोकावले की चर्चचा गोल बुरूज आणि त्याच्या पायाशी पाणी असे तयार चित्र दिसावे. रावसाहेब एका प्रतिकृतीसमोर बराच वेळ उभे राहिले. प्रत्यक्ष पाणी निळे, चित्रातले नारिंगी. प्रत्यक्ष वाळू करडी, चित्रातली रक्तवर्ण. शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "हे खोट्या दस्तऐवजात जमा होते." आपल्या नागपूर-मुंबईत शिकलेले सय्यद हैदर रझा 1950 साली फ्रान्सला गेले, 1951 साली त्यांनी नीसजवळच्या कान्यचे चित्र काढले, पुढे मेंतोंच्या डोंगरातल्या गोर्बिओ गावी उन्हाळ्यामागून उन्हाळे घालविले, आणि एवढा समुद्र शेजारी असता जगात ओळखले गेले ते बिंदूसाठी, ही गोष्ट मी त्यांना सांगून पाहिली. त्यांचा अभिप्राय असा पडला, की बिंदू ही निदान हद्दीची खूण तरी आहे.

ठाण्याला परतल्यावर प्रत्यक्ष चित्रे सुरू झाली आणि पहिला प्रश्न निळ्याचा आला. अस्सल अल्ट्रामरीन पूर्वी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतील राजावर्त दळून करीत आणि त्याची किंमत सोन्याच्या बरोबरीने धरीत. 1828 साली गिमे नावाच्या फ्रेंचाने तोच रंग भट्टीत बनविण्याची कृती शोधून 6,000 फ्रँकांचे बक्षीस मिळविले, आणि तेव्हापासून हा राजवर्खी निळा थेट कपड्यांच्या बादलीपर्यंत खाली उतरला, कारण धोतरांना आपण जी नीळ देतो ती मूळची हीच. पुढे 1841 साली रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणारी कथिलाची नळी शोधून रंग खिशात घातला नसता, तर मोने बोर्दिगेराला आणि रावसाहेब दुकानाला जाते ना. रावसाहेब ज्या वेगाने नळ्या संपवू लागले तो पाहून वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावोजी, एवढ्या निळीत यांचे आयुष्यभराचे लेंगे निघाले असते."

दुसरा प्रश्न कोऱ्या कागदाचा. विन्स्टन चर्चिल, म्हणजे ज्याचे नौदलाचे मंत्रिपद 1915 साली याच समुद्राच्या ईशान्य टोकाला दार्दानेल्सच्या मोहिमेपायी गेले आणि ज्याने त्या दुःखावर उतारा म्हणून कुंचला उचलला तो मनुष्य, पहिल्या दिवशी कोऱ्या कॅनव्हासवर वालाएवढा एक निळा ठिपका लावून भेदरून बसला होता. तोच मोटारीतून उतरलेल्या, चित्रकार लेव्हरी यांच्या पत्नीने त्याच्या हातचा कुंचला ओढून घेतला आणि कॅनव्हासवर दणादण निळे फटकारे मारून त्याची भीड मोडली. तोच चर्चिल पुढे या किनाऱ्याची चित्रे काढण्यात रमला. ठाण्यात कोणी लेव्हरीबाई उपलब्ध नसल्याने ते काम रावसाहेबांच्या चार वर्षांच्या नातीने केले, आणि त्या चित्रातले आकाश हे मी आजवर त्यांच्या घरी पाहिलेल्या आकाशांत सर्वोत्कृष्ट आहे, असे आम्ही सर्वजण त्यांच्या पाठीमागे कबूल करतो. सांतोरिनीच्या चित्रातही असाच प्रकार. जलरंगात पांढरा रंग वापरावयाचा नसतो, घरांच्या जागी कागद कोरा सोडावयाचा असतो. त्यामुळे ज्या भागाला त्यांनी हातच लावला नाही तो भाग, म्हणजे सगळीच्या सगळी घरे, अप्रतिम उतरली आहेत.

दिवाणखान्यात प्रदर्शन भरले तेव्हा चहा-चिवड्यासह निमंत्रितांचे जे अभिप्राय आले ते अशा प्रसंगीचे ठरीव होते. "अगदी फोटोच वाटतो" असे म्हणणारे एक, "फ्रेम कुठे केलीत?" असे विचारणारे दोन, आणि एक निवृत्त प्राचार्य, ज्यांनी व्हिलफ्रांशच्या उपसागराकडे मान तिरपी करून बघत "यात एक प्रकारची गूढ उदासी आहे" असे उद्गार काढले, त्यावर रावसाहेबांनी ती उदासी नसून त्या जागी बसची सावली पडली होती, असा खुलासा टिपणातील उत्तर सीमेच्या आधारे केला.

हे व्हिलफ्रांशचे चित्र दिवाणखान्याच्या ज्या भिंतीवर टांगले गेले तिच्या माथ्यावर वरच्या मजल्याचे न्हाणीघर येते, आणि मूळ उद्देश चित्र दाखविण्याचा नसून भिंतीवरची ओल झाकण्याचा होता, असे वहिनी सांगतात. पावसाळा सरता सरता ओल चौकटीच्या खालच्या कडेतून आत शिरली, कागदाने ती आनंदाने प्यायली, आणि धक्क्याच्या पायऱ्यांशी थांबलेले पाणी अल्ट्रामरीनच्या कणांसह हळूहळू वर चढू लागले. रावसाहेबांनी काचेवर रोज पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख टाकली. महिनाअखेर पाणी होड्या गिळून कोळ्यांच्या घरांच्या उंबऱ्यांशी पोहोचले. रीतसर अर्ज गेला. गृहनिर्माण संस्थेचे सचिव, प्लंबर आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अशी तिघांची पाहणी झाली. सचिवांनी चित्र निरखून विचारले, की यात ओल कोणती आणि समुद्र कोणता? वरचे गृहस्थ तत्काळ म्हणाले, "आमच्या नळाचा काही संबंध नाही. भरती दाखवली आहे चित्रात. मुळातच तशी काढली आहे."

रावसाहेब शांतपणे उठले, कपाटातून शंभरपानी वही काढली, टिपण टेबलावर पसरले, आणि अटलांटिकची भरती जिब्राल्टरपाशी कशी अडते येथून आरंभ करून, भूमध्य समुद्रात धक्क्यावर वीत-दीड वीतीपलीकडे पाणी चढणे कसे अशक्य आहे, हे त्यांनी तिघांना असे काही समजावून दिले की प्लंबरने देखील मान डोलावली. पंचनाम्यात "सदर समुद्रास भरती येत नसल्याने चित्रातील वाढीव पाणी वरील मजल्याचे असल्याचे दिसून येते" असे नमूद होऊन त्याखाली तिघांच्या सह्या झाल्या. दुरुस्तीचा निम्मा खर्च वरच्या गृहस्थांनी द्यावयाचा ठरला आहे. उरलेल्या निम्म्याचा वाद अजून चालू असून, तोवर रावसाहेबांनी चित्र खाली उतरवू देण्यास, पुराव्यात ढवळाढवळ होईल या कारणास्तव, साफ नकार दिला आहे.